मार्चमधली शिंगं

ये गं सुजे, इकडे ये, जवळ बस. आणि आधी ऐकून घे. तीनतीनदा फोन करून "मावशी, आमच्या अंकाला तुझा तो अनुभव लिहून दे ना" म्हणतेस, आणि मी "जेवलीस का, बरी आहेस का" विचारलं की "मीटिंग आहे, ठेवते". इथंच अमेरिकेत मॉरिसव्हिलला बसून एवढी कसली गं मीटिंग? मावशीची आठवण येते ती अंकाची पानं रिकामी राहिली की. बरं, लिहिते. पण माझं लिहिलेलं शुद्ध करत बसू नकोस. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन नागपूरला आमच्या विहारातल्या पुस्तकांच्या कपाटानं शिकवलं. बोलते तसंच छापायचं.

तुमचं ते अमानवीय अनुभवांचं सदर मी वाचते. सगळं वाचते. काय एकेक! एडिसन गावच्या कोणा काकांना बेसमेंटमध्ये पैंजण ऐकू आले. अमेरिकेतल्या बेसमेंटमध्ये पैंजण घालून कोण जाणार बाप्पा? हीटरचा पाइप वाजला असेल. क्युपर्टिनोच्या त्या बाईंना लिफ्टच्या आरशात मोकळ्या केसांची बाई दिसली... अहो, तुम्हीच असाल, न्हाऊन निघालेल्या!

मी असल्या गोष्टींवर कधी विश्वास ठेवला नाही. आम्ही बौद्ध माणसं. लहानपणी आमच्या गल्लीत एका बाईच्या अंगात यायचं. माझी आई एकदा कंबरेवर हात ठेवून तिच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "देवी आहेस ना? मग माझी शिलाई मशीनवरची कात्री कुठं गेली ते सांग." देवी घुमायची थांबली. कात्री नंतर माझ्याच दप्तरात सापडली, ते सोड. तर अशा बाईची मी मुलगी. तरी पुढचं लिहिते आहे, कारण ते झालं. मला आवडो न आवडो, झालं.

आता जागा सांगते. अलास्का, अँकरेज. लोकांना वाटतं तिथं बर्फाच्या घरात राहतात. काही नाही, मॉल आहेत, ट्रॅफिक आहे, कोथिंबीर महाग आहे. फक्त शहर कुठं संपतं आणि जंगल कुठं सुरू होतं हे जनावरांना कोणी सांगितलेलं नाही. आमचं घर शहराच्या पूर्वेला, मागे डोंगर. अंगणात मूस येतो. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: घोड्याहून उंच, रंगानं म्हशीसारखा, लांब लोंबतं नाक, आणि चेहऱ्यावर असा भाव की जसं काही आपणच त्याच्या घरात भाड्यानं राहतो. शेजाऱ्यांच्या कुंपणाची झाडं खातो, गाड्यांना आडवा बसतो. पहिल्या वर्षी मी घाबरायचे. आता मी कुंडीवर टोपली झाकते आणि खिडकीतून शिव्या देते.

माझी मुलगी प्राजक्ता इथं हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. तिच्या ड्यूट्या अशा की ती घरात असते तेव्हा झोपलेली असते. नात माही, आठ वर्षांची. आणि जावई निखिल, पुण्याचा. जावयाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे.

हा कॅलिफोर्नियात चांगला सॉफ्टवेअरमध्ये होता. प्राजूला इथं नोकरी लागली तसा हाही आला, आणि आल्यावर म्हणे, "आई, मी आता स्टॉक फोटोग्राफी करणार." मला वाटलं शेअर बाजाराचं काहीतरी. पण नाही. स्टॉक फोटो म्हणजे कोणासाठीच नसलेला फोटो आधी काढून इंटरनेटवर ठेवायचा, मग ज्याला लागेल तो विकत घेतो. तयार ब्लाउजसारखं. कोणालाच नीट बसत नाही, पण चालून जातं. त्यात घराचा नंबर दिसता कामा नये, गाडीची पाटी दिसता कामा नये, कुठल्या गावचं आहे ते कळता कामा नये. सगळं पुसायचं. जगात कुठंच नसलेली जागा तयार करायची आणि विकायची. ह्याला कला म्हणतात!

मलाही विकलंय त्यानं. मी हिरव्या पाल्याच्या वाडग्याकडे बघून हसते आहे असा फोटो आहे. सांग मला, पाल्याकडे बघून कोण हसतं? बकरीसुद्धा हसत नाही. एकदा मी खिडकीशी उभी होते, कुकरच्या शिट्टीची वाट बघत. ह्यानं टिपलं. पुढे तो फोटो कुठल्याशा वृद्धाश्रमाच्या जाहिरातीत सापडला, खाली एकटेपणाबद्दल काहीतरी करुण लिहिलेलं. अरे, एकटेपणा कसला, डाळ खाली लागेल ह्या काळजीत होते मी!

पण त्याचा खरा धंदा म्हणजे शहरात घुसलेली जनावरं. कचऱ्याच्या पिंपाशी अस्वल, झेब्रा क्रॉसिंगवर मूस. न्यूज साइटवाले घेतात, इन्शुरन्सवाले घेतात. आणि त्यात लहान मूल असेल तर फारच खपतं. म्हणून हा माझ्या मागे लागला, "आई, माही बस स्टॉपवर आणि मागे मूस, असा एक फोटो मिळाला ना..."

मी म्हटलं, "निखिलराव, पोरीला जनावरापुढे उभी केलीस तर मी तुला जनावरापुढे उभा करीन."

"अहो, लांबूनच. झूम लेन्सनं जवळ वाटतं."

"मग तू उभा राहा. मी झूम करते."

मला वाटलं संपलं. गेल्या मार्चमध्ये एका दुपारी मी पोळ्या करत होते तर हा लॅपटॉप घेऊन ओट्याशी आला. "आई, बघा. हे तर चालेल ना?"

बघते तर काय, आमच्याच घरासमोरचा बस स्टॉप. चहूकडे बर्फ. माही लाल जाकीट घालून कॅमेऱ्याकडे बघत हसते आहे, आणि तिच्या पाठीशी, अगदी हाताच्या अंतरावर, हा भला मोठा मूस. तिच्याकडे मान करून.

माझ्या हातातलं लाटणं खाली पडलं. "हे कधी झालं?"

"झालंच नाही! जोडलंय. माहीचा फोटो वेगळा. मूसचं धड त्या हार्डवेअरच्या दुकानाच्या पार्किंगमधलं. पण त्याला शिंगं नव्हती, म्हणून डोकं दुसऱ्याचं लावलं, सप्टेंबरमधल्या. आणि मग आरशासारखं उलटं केलं, म्हणजे माहीकडे बघतोय असं वाटतं."

"अरे, मार्चमध्ये मूसला शिंगं असतात का? हिवाळ्यात गळून पडतात. इथलं शेंबडं पोरही सांगेल."

"शिंगांशिवाय घेणाऱ्यांना तो मूस वाटत नाही आई, गाढव वाटतं."

मी चष्मा लावून नीट पाहिलं. धडावर हिवाळ्याचे दाट पिंजारलेले केस, डोक्यावर बारीक गुळगुळीत. मानेपाशी दोन्ही असे जोडले होते की आमच्या गल्लीतल्या शिंप्यानंही ते उसवून टाकलं असतं. उजवा कान फाटलेला. आणि सावली! माहीची सावली डावीकडे पडलेली, ह्याची उजवीकडे.

"ऊन काय दोन आहेत का रे तुझ्याकडे?"

"आई, लोक अंगठ्यानं वर सरकवत जातात. सावली कोण बघतं?"

"आणि पोरीचं तोंड? ते कोण कोण बघणार? प्राजूला विचारलंस?"

"पोरीचा फोटो विकायला सही बापाची लागते. मी बाप आहे." असं म्हणून लॅपटॉप मिटला.

फोटो धडाधड खपला. कुठल्या कुठल्या देशात गेला. आणि आमची माही, तिला तर सवयच झालेली. आमच्या घरात "माही, डोन्ट मूव्ह" असं म्हटलं की ती असेल तिथं थिजते आणि हसते. पुढचे दोन दात पडलेले, नाकावर बर्फ वितळतोय, पण हसते. मी कितीदा म्हटलं, पोट्टी आहे ती, बाहुली नाही. प्राजू झोपेतून म्हणायची, "आई, तिला मजा येते गं." असेल बाई.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी झालं.

सकाळची वेळ. रात्र नाही, धुकं नाही, अमावास्या नाही. लख्ख ऊन. आमच्या तुमच्या भुतांना लागतं तसलं काहीही नाही. मी माहीला बस स्टॉपवर सोडायला निघाले. स्टॉप म्हणजे घरासमोर रस्ता ओलांडला की एक खांब. माही उड्या मारत पुढे गेली आणि नेहमीसारखी खांबाशी घराकडे तोंड करून उभी राहिली. मी ड्राइव्हवेच्या टोकाशी, बर्फावर पाय जपून टाकत होते. निखिल माझ्या डावीकडे गाडीची काच खरवडत होता.

मी खाली बघून एक पाऊल टाकलं, वर पाहिलं, आणि माहीच्या पाठीशी तो होता.

आला नाही. हे मी सगळ्यांना सांगते आणि सगळे म्हणतात तुमचं लक्ष नसेल. अगं, एवढं धूड बर्फातून येतं तेव्हा ऐकू येतं. आमच्या समोर मोकळी जागा आहे, झाड नाही, झुडूप नाही. तो आला नाही. तो होता.

आणि त्याला शिंगं होती.

मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? भीती नाही वाटली. राग आला. मला वाटलं ह्या माणसानं पुठ्ठ्याचा वगैरे करून उभा केला! मी ओरडणार होते त्याच्यावर. पण डावीकडे पाहिलं तर निखिलच्या हातातलं ते बर्फ खरवडायचं खाली पडलेलं, आणि तोंड असं पांढरं...

"आई," तो म्हणाला, "हा तर मी केलेला आहे."

मी पुन्हा पाहिलं. धडाचे केस दाट, डोक्याचे बारीक. मानेपाशी तोच गबाळा जोड. उजवा कान फाटलेला. थंडी एवढी की माझ्या, निखिलच्या, माहीच्या तोंडातून वाफ निघत होती, त्याच्या नाकातून काही नाही. आणि खांबाची सावली डावीकडे, माहीची डावीकडे, त्याची एकट्याची उजवीकडे. उन्हाच्या बाजूला.

मग त्यानं मान खाली घातली, माहीच्या टोपीकडे. मान खाली गेली, आणि शिंगं... कसं सांगू... शिंगं जरा मागून गेली. घाईत घातलेली टोपी डोक्यामागून सरकते ना, तशी.

आता जावयाचं ऐक. गाडीचं दार उघडंच होतं, कॅमेरा सीटवर होता. त्यानं तो उचलला आणि डोळ्याला लावला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पोटची पोर समोर, मागे ते असलं काहीतरी, आणि ह्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. आणि वरून म्हणाला, "माही, डोन्ट मूव्ह!"

इथं शाळेत पोरांना शिकवतात: अस्वल दिसलं तर पळू नका, पण मूस अंगावर आला तर पळा, गाडीमागे लपा. माहीला पाठ आहे. तिनं मला म्हणूनही दाखवलं होतं. पण "डोन्ट मूव्ह" ऐकलं आणि पोर थिजली. आणि हसली गं. ते दात पडलेलं हसू. त्याची नाकपुडी तिच्या टोपीला टेकलेली, आणि ती हसते आहे. ओठ न हलवता मला विचारते, "आजी, इज धिस रिअल, ऑर इज इट फॉर वर्क?"

काय सांगणार होते? मलाच कुठं माहीत होतं! मी नुसती धावले. गुडघा, बर्फ, रस्ता, काही बघितलं नाही. जाताना त्या जनावराला मी जे जे बोलले ते तू छापणार नाहीस. "हट मेल्या, धड जनावर तरी हो आधी!" एवढं मात्र आठवतं. हात ओढून पोरीला बाजूला केली. तेवढ्यात पिवळी बस आली, ड्रायव्हरनं दार उघडलं आणि "गेट इन, गेट इन, बोथ ऑफ यू!" असं खेकसला. सत्तरी ओलांडलेली बाई, स्वयंपाकाचा एप्रन आणि बर्फाचे बूट, चढली शाळेच्या बसमध्ये. पोरं टाळ्या वाजवायला लागली.

खिडकीतून पाहिलं. तो आमच्याकडे बघत नव्हता. माही जिथं उभी होती त्या रिकाम्या जागेकडे बघत होता, मान घालून, तसाच.

बस पुढे सरकली. मागच्या खिडकीतून पाहिलं तर खांब होता, ऊन होतं. तो नव्हता.

ड्रायव्हरला मी विचारलं, तुम्ही पाहिलंत ना? तो म्हणाला, "शुअर. बिग फेला." मग पुढच्या वळणावर आरशात माझ्याकडे बघून म्हणाला, "अँटलर्स. इन मार्च. हं." एवढंच. सज्जन माणूस. तुमच्या सदरातला कोणी असता तर त्यानं तीन पानं लिहिली असती.

घरी परत आले तर निखिल स्टॉपवर उकिडवा बसलेला. बर्फात चार खुरांचे ठसे होते. चारच. येण्याचे नाहीत, जाण्याचे नाहीत. जसं वरून ठेवलं आणि वरून उचललं.

आणि फोटो? निघाला ना, स्पष्ट निघाला! सगळं त्यात आहे: माही, तो, उलटी सावली, आणि तोंड उघडं टाकून धावणारी मी. उभ्या जन्मात निखिलनं काढलेला हा पहिला खरा फोटो. त्यानं तो इथल्या जनावरांच्या खात्यातल्या एका ओळखीच्या माणसाला पाठवला. उत्तर आलं, "नाइस एडिट." मग त्या विकणाऱ्या साइटला पाठवला. त्यांनी परत केला. म्हणे, असाच फोटो तुम्ही आधी दिलेला आहे, आणि ह्यातली म्हातारी काढून टाकली तर बरं. मी हसले, खरं सांगते, पोट धरून हसले. आयुष्यभर खोटं विकणाऱ्यानं खरं आणलं तर घेणार कोण?

प्राजू सगळं ऐकून म्हणाली, "आई, एखाद्याची शिंगं उशिरा गळतात. कान काय, कोणाचाही फाटलेला असतो. तुम्ही दोघं घाबरलात." मी म्हटलं, "आणि सावली?" तिनं फोटो मोठा करून पाहिला, बराच वेळ पाहिला. मग लॅपटॉप बंद केला आणि निखिलला आत बोलावलं. दार लावून काय बोलली ते मला माहीत नाही, आवाज मात्र तिचाच येत होता. त्यानंतर माहीचा एकही फोटो विकायला गेला नाही. जुने त्यानं काढून टाकले. पण जे घेऊन गेले त्यांच्याकडे आहेतच. ते परत येत नाहीत म्हणे.

इथल्या मराठी मंडळातल्या एक काकू म्हणाल्या, दृष्ट काढा, शांत करा. मी म्हटलं, कोणाची शांत करू? अर्धा पार्किंगमधला, अर्धा सप्टेंबरमधला! नाव काय घेऊ त्याचं? शेजारीण म्हणते, धिस लँड हॅज एनर्जी. हिच्या एनर्जीला फोटोशॉप येतं का? तर तेही पटत नाही. लोकांच्या वाट्याला निदान अख्खी भुतं येतात, ज्यांना काही इच्छा असते, काही मागणं असतं. माझ्या वाट्याला आलं ते असं गबाळं, ठिगळ लावलेलं. ते कोणी पाठवलं, त्याला काय पाहिजे होतं, पोरीच्या टोपीशी वाकून ते काय हुंगत होतं... मला माहीत नाही. मी इथल्या विहारात बसून शांत डोक्यानं विचार केला, पुस्तकं चाळली. तुमच्यापैकी कोणाकडे उत्तर असेल तर पैंजण वगळून कळवा.

माहीला मी एकदाच विचारलं, तुला काय वाटलं गं? म्हणाली, "फ्रिजचं दार कोणीतरी मागे उघडं ठेवलंय असं वाटलं, आजी." एवढंच मराठी बोलली, पण पूर्ण बोलली.

ती आता "डोन्ट मूव्ह" म्हटलं की पळते. छान झालं. पण बस स्टॉपवर उभी राहिली की सारखी मागे वळून बघते. घराकडे पाठ केली तरी बघते, घराकडे तोंड केलं तरी बघते. म्हणून मी रोज तिच्यामागे उभी राहते, बस येईपर्यंत. निखिल म्हणाला मी उभा राहतो. पोरगी नको म्हणाली. तो बर्फ खरवडत राहिला. मला पहिल्यांदा त्याची थोडी दया आली. थोडीच.

तर सुजे, आता खरं काम. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आहे. त्या दिवशी धावले ते त्याला मानवलं नाही. महिनाभर मला रस्ता ओलांडता येणार नाही, आणि प्राजूची सकाळची ड्यूटी काही सुटत नाही. तू घरून काम करतेस, लॅपटॉप इथंही चालतो. बस सकाळी साडेआठला येते, तेव्हा मीटिंग नको एवढंच. ये गं लवकर. मी झुणका करून घालीन. तू फक्त त्या पोरीच्या मागे उभी राहा.